पतंगाचा कागद द्या, मांजरपाट द्या, एखादा शनिवार द्या

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाचा बालविभाग येत्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत, महिन्यातून दोन शनिवारी संध्याकाळी, ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी कलावर्ग घेणार आहे. विषय : देशोदेशीच्या लोकांच्या हातची कला. त्यासाठी पैसे हवेत, सामान हवं, आणि त्याहून जास्त माणसं हवीत.

'जगाची ओळख' म्हटलं की लहान मुलांच्या कार्यक्रमात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गालावर रंगवलेला झेंडा, भाड्यानं आणलेला पोशाख, पाठ केलेल्या दोन ओळी, मग फोटो. पालक खूश, पोरं घामाघूम. आम्हाला ते करायचं नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला नकाशातला नायजेरिया दाखवून काही उपयोग नाही, पण तिथल्या बायका कापडावर नक्षी कशी उठवतात हे त्याला करून पाहता येतं.

तिथल्या योरुबा समाजातल्या बायकांचं 'आदिरे' नावाचं निळं कापड असतं. साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच कंदाची खळ करतात, कोंबडीच्या पिसानं ती कापडावर लावतात, वाळवतात आणि कापड निळीत बुडवतात. खळ असेल तिथे रंग बसत नाही. आपल्या वर्गात मैद्याची खळ असेल, त्यात थोडी तुरटी, आणि प्रत्येकाला मांजरपाटाचा हातरुमालाएवढा तुकडा. खळ खडखडीत वाळली की कापड चुरगाळायचं. हे काम मुलांना सांगावं लागणार नाही. खळीला तडे जातात, वरून रंग फिरवला की तो तड्यांतून झिरपतो, आणि खळ खरवडली की पांढऱ्या नक्षीत निळ्या रेषांचं जाळं उमटतं. दोन मुलांचं कापड सारखं होत नाही. कोंबडीच्या पिसांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. काही घरांतून भुवया वर जातील, म्हणून तूर्त काड्या आणि ब्रशच.

मेक्सिकोत नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला गेलेल्या माणसांची आठवण काढतात. आपल्या पितृपक्षासारखंच, फक्त तिथे झेंडूबरोबर पातळ रंगीत कागदाची कातरलेली तोरणंही लागतात. तिथले कारागीर कागदांची चळत रचून छिन्नी-हातोडीनं नक्षी पाडतात; आपली मुलं घडी घालून कात्रीनं कापतील. त्यासाठी पतंगाचाच कागद लागतो. उत्तरायणात उरलेले, फाटलेले पतंग बडोद्यात कुठल्या माळ्यावर नाहीत? ते टाकू नका, आम्हाला द्या.

एक गोष्ट मुद्दाम करणार नाही. ज्या कलेला देवाधर्माचा आधार आहे तिची वर्गात नक्कल नाही. आफ्रिकेतले पूजेतले मुखवटे कागदी ताटलीवर रंगवायचे नाहीत, आणि छोटाउदेपूरचा पिठोराही नाही. राठवा आदिवासींच्या घरात नवस फेडायला भिंतीवर पिठोराचे घोडे उतरतात, तो विधी आहे. तो काढणाऱ्या लखाऱ्यांपैकी कुणाला बोलावून त्यांच्याच तोंडून ऐकू. कुणाची ओळख असेल तर कळवा.

कमाटीबागेतल्या म्युझियमची एक फेरी आहेच. तिथली इजिप्तची ममी बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकानं डोळे विस्फारून पाहिलेली असते. या वेळी शेजारच्या चित्रदालनातही थोडं थांबू. मुलं आपल्या अकोट्यात सापडलेल्या जुन्या कांस्यमूर्तींपुढून पळत सुटतील याची कल्पना आहे.

आता मागणं. २५ मुलं, १२ वर्ग, प्रत्येक मुलामागे वर्गाला ६० रुपयांचं सामान, म्हणजे १८,००० रुपये. फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांना शिकवायला बोलावणार आहोत, त्यांचं मानधन वर्गाला १,००० प्रमाणे १२,०००. एकूण ३०,००० रुपये. पालकांकडून फी घेणार नाही, कारण फी ठेवली की ज्यांची मुलं यायला हवीत तीच येत नाहीत. एका मुलाचा सहा महिन्यांचा सामानाचा खर्च ७२० रुपये होतो. तेवढे दिलेत तरी पुष्कळ.

पैसे नसतील तर जुनी धोतरं, पांढऱ्या चादरी, रद्दी चालेल. ज्यांची मुलं-सुना परदेशी आहेत त्यांनी येताना तिथलं वर्तमानपत्र, ट्रामचं तिकीट, पाकिटावरचा स्टँप असं काही आणायला सांगा. विद्यापीठात बाहेरच्या देशांतून शिकायला आलेली मुलंमुली आपल्यापैकी कुणाच्या शेजारी राहत असतील, तर त्यांना तासभर घेऊन या. व्याख्यान नको; लहानपणी सणाला घरात काय करायचो एवढं मुलांशेजारी बसून करून दाखवलं तरी चालेल. आणि ज्या आजी-आजोबांना खळ शिजवता येते त्यांची तर फार गरज आहे, आमच्यात तिच्या गुठळ्याच होतात.

देणगी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळात द्यावी, पावती लगेच मिळेल. वस्तू ३० जूनपर्यंत आल्या तर बरं. कात्र्या देणार असाल तर बोथट टोकाच्याच द्या.

आपले,
बालविभागाचे कार्यकर्ते