परराज्यातून आलेली बंदूक आणि काउंटरवरचा कर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील बंदुकांवरील करांचा विषय निघाला की चर्चा होते ती कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून बंदुका, त्यांचे काही सुटे भाग आणि काडतुसे यांच्या किरकोळ विक्रीवर लावलेल्या ११ टक्के विशेष कराची. ती व्हायलाही हवी. परंतु सॅक्रामेंटोजवळच्या एका लहानशा दुकानाचे, मासेमारी आणि शिकारीचे सामान विकणाऱ्या दुकानाचे, हिशेब मी गेली काही वर्षे लिहितो आहे, आणि तिथे ज्या करावरून दर आठवड्याला शब्दाला शब्द लागतो तो कर त्याहून कितीतरी जुना आहे. दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून मागवलेल्या बंदुकीवरचा साधा विक्री कर किंवा वापर कर, ज्याला इथे सगळे ‘सेल्स अँड यूज टॅक्स’ म्हणतात, त्याविषयी हे पत्र आहे.

कॅलिफोर्नियात विक्री कर १९३३ साली आला आणि दोन वर्षांत, १९३५ मध्ये, त्याला वापर कराची जोड मिळाली. कारण उघड होते. शेजारच्या ओरेगनमध्ये विक्री कर नाही. तिथून वस्तू आणणाऱ्याला कर चुकवता आला, तर गावातला दुकानदार बसल्या जागी बुडणार. म्हणून बाहेरून आणून इथे वापरलेल्या वस्तूवरही तोच दर, राज्यभर किमान ७.२५ टक्के आणि काही शहरांत स्थानिक कर धरून दहाच्याही वर. आपल्याकडे जकातनाक्यावर ट्रक उभे राहत असत ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यामागचा विचार समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच की इथे नाका नाही, आणि पुस्तके, खुर्च्या, भांडी बाहेरून मागवणारे कित्येक जण हा कर आपल्या आयकर विवरणपत्रात स्वतःहून लिहीत नाहीत.

बंदुकीचे मात्र तसे नाही, आणि खरी मेख इथेच आहे. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर परराज्यातील विक्रेत्याकडून थेट घरी मागवता येत नाही. ते ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे यावे लागते. टपालाने मागवलेल्या रायफलीचाही मार्ग तोच. तो विक्रेता आपल्या नोंदवहीत तिची नोंद करतो, ग्राहकाकडून ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून घेतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि कॅलिफोर्नियात अर्ज केल्यापासून दहा दिवस थांबावे लागते. म्हणजे ज्या दुकानदाराने ती बंदूक निवडली नाही, विकत घेतली नाही, तिची किंमतही ठरवली नाही, त्याच्याच हातून ती ग्राहकाच्या हाती जाते. बाहेरच्या विक्रेत्याची कॅलिफोर्नियात करनोंदणी असेल तर कर तोच घेतो. राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्याकडूनही कर गोळा करून घेण्याची मुभा राज्यांना देणाऱ्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०१८ मधील ‘वेफेअर’ निकालानंतर, राज्यात वर्षाला पाच लाख डॉलरहून अधिक विक्री करणाऱ्या बाहेरच्या व्यापाऱ्यांना ती नोंदणी करावीच लागते. तशी नोंदणी नसेल तर माल सुपूर्द करणारा स्थानिक दुकानदारच कायद्याच्या दृष्टीने किरकोळ विक्रेता ठरतो, आणि ग्राहकाने बाहेर मोजलेल्या पूर्ण किमतीवरचा कर त्याच्या माथी येतो.

गेल्या हिवाळ्यात एक तरुण आपली रायफल घ्यायला आला तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. खोक्यात बंदूक होती, पाठवणाऱ्याच्या परवान्याची प्रत होती, पण बिल नव्हते. त्याने फोनवर किंमत दाखवली, ९०० डॉलर. हस्तांतराचे शुल्क त्याला ठाऊक होते आणि तो ते द्यायला तयारही होता. वर विक्री कराचे ६५ डॉलर २५ सेंट सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. “बंदूक मी तुमच्याकडून घेतलीच नाही, मग विक्री कर तुम्ही कसा घेता?” हा त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. सत्तरीचे दुकानमालक त्याला शांतपणे नियम समजावत होते, पण पैसे दिल्यानंतरही त्याला वाटत राहिले की या दुकानात आपल्याला लुबाडले. याच मालकांनी पूर्वी एकदा जुन्या गिऱ्हाइकाला भिडेपोटी कर माफ केला होता, आणि पुढे हिशेबतपासणीत ती रक्कम त्यांना स्वतःच्या खिशातून भरावी लागली.

बंदुकांचे चाहते या कराला शिक्षा म्हणतात, विरोधक त्यात बंदूकबंदीची पहिली पायरी पाहतात. दोघांचेही मला पटत नाही. खुर्चीवर जो कर आहे तोच हा आहे आणि तो भरला गेलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. बाहेरून मागवणारा करातून सुटला, तर वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे कर भरून धंदा करणाऱ्या याच मालकांसारख्यांवर अन्याय होतो. माझी तक्रार कराविषयी नाही, त्या खोक्यातून गायब असलेल्या बिलाविषयी आहे. वडिलांनी ओरेगनहून मुलाला भेट म्हणून पाठवलेल्या बंदुकीची विक्रीच झालेली नसते, त्यामुळे तिच्यावर हा कर नाही. नोंदणीकृत विक्रेत्याने आधीच घेतला असेल तर तो दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. पण हे सगळे दुकानदाराने ओळखायचे कशावरून? ग्राहकाच्या फोनवरच्या चित्रावरून?

बंदुकीसोबत परवान्याची प्रत जशी येते तसेच किंमत आणि कर वेगवेगळे दाखवणारे बिलही आले पाहिजे, असा नियम कॅलिफोर्नियाने करावा, आणि बाहेरच्या विक्रेत्याने मागणी नोंदवून घेण्यापूर्वीच ग्राहकाला सांगावे की कर आम्ही घेत आहोत किंवा तुमच्या गावचा दुकानदार घेईल. आपल्याकडे २०१७ पासून आंतरराज्य व्यवहारात विक्रेताच एकात्मिक जीएसटी घेतो आणि त्यातला वाटा माल जिथे पोहोचतो त्या राज्याला मिळतो; त्या व्यवस्थेविषयी इतर तक्रारी कितीही असोत, ग्राहकाला आकडा बिलावरच दिसतो.

कॅलिफोर्नियातील जे मराठी वाचक नेमबाजीच्या छंदासाठी नेवाडा किंवा ॲरिझोनातून काही मागवणार असतील, त्यांनी तोवर एवढे करावे: कर कोण घेणार हे विक्रेत्याला आधी विचारावे, बिल मागून घ्यावे आणि बंदूक घ्यायला जाताना त्याची छापील प्रत बरोबर न्यावी.

आपला,
एक हिशेबनीस वाचक
सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया