पेडल मारावंच लागतं!

मा. संपादक, स.न.वि.वि.

ई-बाईक (बॅटरी-मोटरवाली सायकल) म्हणजे म्हाताऱ्यांचे लाड, व्यायाम कसला त्यात, असं बरेचजण म्हणतात, पण त्यातल्या किती जणांनी ती चालवलीय देव जाणे. पेडल असिस्टवाली, म्हणजे पेडल मारलं तरच मोटर मदत करणारी सायकल, आपण पाय थांबवले की ढकलणं बंद करते, मोटर फक्त जोडीला असते, युरोपात तर २५० वॅटची मर्यादा आहे आणि ताशी २५ किमीला मदत बंद, म्हणजे पुढचं सगळं आपल्याच पायांवर. चढ आला की गुडघे आणि छातीवर एकदम जो ताण येतो तो कमी होतो, म्हणून माणूस अर्ध्यातून परत फिरत नाही, लांब जातो, तरुण मंडळींच्या ग्रुपबरोबर सुद्धा. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो असा मजेत होतो. (पेडल न मारता नुसती मूठ पिळून, थ्रॉटलवर पळवली तर मात्र ती स्कूटरच!)

एक आहे, ही सायकल जड असते, वीसेक किलो सहज, त्यामुळे पडायची भीती सायकलवर बसता-उतरतानाच जास्त. दांडा खाली असलेली फ्रेम आणि डिस्क ब्रेक बघूनच घ्या, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि हेल्मेट घालाच.

- एक ज्येष्ठ वाचक