तिथे राहून नेमकं काय मिळवायचंय?

फ्रँकफुर्ट, रविवार

तीर्थरूप अण्णांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आईलाही नमस्कार. पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि आत्या आली असेल तर तिलाही, कारण यातलं थोडं तिच्यासाठी आहे.

परवा फोनवर आत्या म्हणाली, "एवढं नर्सिंग शिकून म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायला जर्मनीला गेलीस होय?" तुम्ही तसं बोलला नाहीत. सगळ्यांचं बोलून झाल्यावर एवढंच विचारलंत, "तुला तिथे राहून नेमकं काय मिळवायचंय?" मी पावसाचं विचारून विषय बदलला. असल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही, निदान मला तरी.

आधी आत्याचं. हगणंमुतणं काढावं लागतं, त्यात खोटं काही नाही. आमच्या मजल्यावर सगळे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. पण इथलंच मोठं हॉस्पिटल सोडून मी या वृद्धाश्रमात आले ते माझ्या मर्जीने, कुणी काढून टाकलं म्हणून नाही. तिथे मला हुद्दा होता, डॉक्टर नावाने हाक मारायचे, आणि एखाद्याने राउंडला माझ्याकडे न बघता दुसरीला विचारलं की माझा अख्खा दिवस नासायचा. इथे माझं नाव कुणाच्या लक्षातच राहत नाही. एक आजी मला तिची मेलेली बहीण समजते. एका आजोबांना मी सफाईवाली वाटते आणि ते मला कोपऱ्यातली धूळ दाखवतात. सुरुवातीला लागायचं मनाला, कधी रागही यायचा. मग एकदा सकाळी आजोबांची दाढी करताना जाणवलं, की या खोलीत माझं नाव नाही, गाव नाही, डिग्री नाही, मी भारतातली हेसुद्धा यांना ठाऊक नाही, आणि तरी माझं काही कमी झालेलं नाही. वस्तरा नीट चालतोय, गालाची सुरकुती ताणून धरलीय, काम होतंय. तुम्ही ओसरीवर "नेति नेति", म्हणजे मी हे नाही, तेही नाही, असं समजावून सांगायचात तेव्हा आम्ही भावंडं पेंगायचो. ते मला इथे दाढीच्या फेसात सापडलं.

आता खरी गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. स्मृतिभ्रंशाचा मुख्य आजार ज्याच्या नावाने ओळखतात तो डॉक्टर अल्झायमर याच गावात नोकरीला होता. नोव्हेंबर १९०१ मध्ये इथल्या वेड्यांच्या इस्पितळात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. ते इस्पितळ आता नाही, त्या जागी विद्यापीठ आहे. डॉक्टरने तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवली. तुमचं नाव? "आउगुस्टे." आडनाव? "आउगुस्टे." नवऱ्याचं नाव? "आउगुस्टे, वाटतं." जेवताना ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय विचारलं तर म्हणाली, "पालक." तिला नाव लिहायला सांगितलं तर "श्रीमती" एवढं लिहून पुढचं आठवेना. आणि मधेच ती म्हणायची, "मी स्वतःला हरवून बसलेय." १९०६ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी अल्झायमरने ट्यूबिंगेनच्या सभेत तिच्या मेंदूत काय दिसलं ते मांडलं. तिच्या केसचे कागद इथल्या विद्यापीठात १९९५ मध्ये पुन्हा सापडले.

त्या एका वाक्याने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. स्वतःला हरवून बसलेय असं म्हणणारी कोण होती? हरवली असती तर हरवल्याचं कळलं कुणाला? पंचदशी या वेदान्ताच्या ग्रंथातला दहावा आठवला. दहा जण नदी उतरून आले, प्रत्येक जण मोजतो तर नऊच भरतात, बुडालेल्या दहाव्यासाठी रडारड सुरू. वाटसरू येतो आणि मोजणाऱ्याला सांगतो, अरे, दहावा तूच. लहानपणी मला ती मूर्खांची गोष्ट वाटायची. आता आमच्या मजल्यावरच्या एक आजी रोज आरशातल्या बाईला "गुड मॉर्निंग" म्हणतात आणि स्वतःचा कंगवा तिच्यापुढे धरतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "माझं डोकं गेलंय गं." डोकं गेलंय हे ज्याला दिसतंय ते काही गेलेलं नाही. दृग्दृश्यविवेक या वेदान्ताच्या छोट्या ग्रंथाचा पहिला श्लोक तुम्ही घोकून घेतला होतात: रूप दिसतं डोळ्याला, डोळा कळतो मनाला, मनाच्या वृत्ती कळतात साक्षीला, म्हणजे आतून नुसतं जाणणाऱ्याला, आणि साक्षी कुणालाच दिसत नाही. आठवण ही मनाची, विसरही मनाचाच.

पण इथेच माझी एक अडचण आहे, तिचं उत्तर तुम्ही द्या. वेदान्ती गाढ झोपेचा दाखला देतात. उठल्यावर माणूस म्हणतो, सुखाने झोपलो होतो, काहीच कळलं नाही. म्हणजे काहीच कळत नव्हतं तेव्हाही ते जाणणारा होताच. ठीक. पण तो दाखला उठून आठवण सांगणाऱ्याच्या जिवावर उभा आहे. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतल्या आजींनी मी आल्यापासून एक शब्द उच्चारलेला नाही. त्या कसली साक्ष देणार? मला एवढंच म्हणता येतं की आठवण हा आपल्यापुरता पुरावा झाला, साक्षी असण्याची ती अट नव्हे. हे बरोबर आहे की मी सोयीचं बोलतेय? इथल्या एका सत्संगात एक बाई मला म्हणाल्या, "असे लोक आतून ब्रह्मानंदात असतात." मला संताप आला. त्या आजी कण्हतात तेव्हा त्यांना दुखत असतं, आणि त्यांना वेदनाशामक थेंब लागतात, ब्रह्मानंद नव्हे. शरीर मिथ्या आहे म्हणून कूस बदलायची राहिली तर पाठीला जखम होते, आणि ती जखम मिथ्या म्हणून भरून येत नाही.

आता तुम्हाला हसवते. इथल्या मोठ्या स्मशानभूमीत अल्झायमर आहे आणि जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरही आहे. शोपेनहॉवर १८३३ पासून मरेपर्यंत याच गावात राहिला. शहाजहानचा मुलगा दारा शुकोह याने काशीच्या पंडितांकडून १६५७ मध्ये पन्नास उपनिषदं फारसीत करून घेतली, त्यांचं लॅटिन १८०१-०२ मध्ये छापलं गेलं, आणि ते पुस्तक हा गृहस्थ पुढे आयुष्यभर जवळ बाळगून होता. त्याच्याकडे पूडल जातीचा कुत्रा असायचा, एक मेला की दुसरा, आणि त्याचं नाव आत्मा! कुत्र्याने खोडी केली की म्हणे त्याला रागावून "ए माणसा!" अशी हाक मारायचा. त्याच्या थडग्यावर काळसर सपाट दगड आहे, त्यावर नुसतं नाव, ना जन्मसाल ना मृत्यूसाल. सुट्टीच्या दिवशी जाऊन दोघांच्याही थडग्यांपाशी उभी राहून आले. शेवाळ काढायचा मोह झाला, पण इथे असल्या गोष्टींना नियम असतात.

त्याचाच भक्त, जर्मन संस्कृत पंडित पाउल डॉयसन २५ फेब्रुवारी १८९३ ला मुंबईत वेदान्तावर बोलला होता. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर असं बायबल सांगतं, पण का करायचं याचं उत्तर "तत्त्वमसि"त, म्हणजे "ते तूच आहेस" या उपनिषदातल्या वाक्यात आहे, असं त्याचं म्हणणं. वाचायला छान आहे. पण खरं सांगू का, पहाटे सहाच्या पाळीला, एकीकडे घंटी वाजतेय आणि दुसरीकडे कुणीतरी चहा सांडलाय, तेव्हा मला कसलंही ऐक्यबिक्य जाणवत नाही. त्या आजींची कातडी ओली राहिली तर चिघळेल एवढंच दिसतं आणि हात चालतात. कदाचित डॉयसनला जे म्हणायचं होतं ते याहून फारसं वेगळं नसेल. मी मात्र मोठी नावं न देता ते करते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मला इथे नवीन काही मिळवायचं नाही. पगार हॉस्पिटलपेक्षा थोडा कमी आहे, पण माझ्या गरजा भागून घरी पाठवायला उरतो. पूर्वी रोज रात्री मी मनात हिशोब मांडायचे, आज कोण काय म्हणालं, आपली किंमत किती राहिली. तो हिशोब बंद पडलाय, पूर्ण नाही, पण बराचसा. आत्याचं बोलणं फोन ठेवल्यावर संध्याकाळपर्यंतच टिकलं, पूर्वी आठवडाभर टिकलं असतं. हे काम हेच माझं जीवितकार्य, असं काही मी म्हणणार नाही. उद्या वाईला परत येऊन मिशन हॉस्पिटलात लागले तरी चालेल मला. कुठे काम करते याच्यावर मी कोण हे आता टांगलेलं नाही, एवढा फरक पडलाय.

फेब्रुवारीत रजा मंजूर झालीय, कृष्णाबाईच्या उत्सवात तिथे असेन. तोवर पंचदशीचं सातवं प्रकरण, तृप्तिदीप, तुमच्या टिपणांसकट बाजूला काढून ठेवा. मोबाइलवर फोटो पाठवू नका, तुमचं अक्षर त्यात लागत नाही. आईला सांगा, गोडा मसाला यावेळी अर्धा किलोच, मागचा अजून शिल्लक आहे. आणि तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते तुम्ही फोनवर शिताफीने टाळलंत, ते माझ्या लक्षात आहे. एक्स-रे काढलात का, ते आधी कळवा.

तुमची,
सुमी