वर्गात जमा केलेल्या मोबाइलची चोरी : शाळेच्या उत्तराविरुद्ध तक्रार

प्रति,
मा. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन

विषय : पी.टी.च्या तासाला वर्गातून दोन मोबाइल व एक कॅल्क्युलेटर चोरीला गेल्याबाबत

महोदय,

डायरीतल्या ‘मौल्यवान वस्तूंना शाळा जबाबदार राहणार नाही’ या ओळीवर बोट ठेवून आपण आमचा अर्ज परत केलात. ती ओळ इथे लागू पडत नाही. मोबाइल मुलांकडे नव्हतेच. शाळेच्या नियमाप्रमाणे पहिल्या तासाला वर्गशिक्षकांनी ते मागून घेऊन पेटीत ठेवले होते. मागून घेतलेली वस्तू परत देईपर्यंत सांभाळायची ती घेणाऱ्याने. पेटीला कुलूप नव्हते आणि वर्ग मैदानावर गेला तेव्हा दार नुसते लोटलेले होते.

चोरी झाली एवढ्यावरून शाळा दोषी ठरत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. ताब्यातल्या वस्तूची साधारण समंजस माणूस घेईल तेवढी काळजी घेतली होती का, एवढेच पाहायचे. कुलूप तोडून चोरी झाली असती तर आम्ही हा अर्ज केला नसता. कॅल्क्युलेटरची गोष्ट थोडी वेगळी, तो दप्तरात होता. पण दप्तरे वर्गातच ठेवून मैदानावर यायचे, हा नियमही शाळेचाच. त्याची निम्मी भरपाई मिळाली तरी आमची हरकत नाही.

सर्वांत घाईचे काम सीसीटीव्हीचे. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) हार्डडिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते, मग ते मागून उपयोग नाही. पी.टी.च्या तासाआधी अर्धा तास ते तासानंतर अर्धा तास, व्हरांड्यातल्या व जिन्यातल्या सर्व कॅमेऱ्यांचे मूळ चित्रण आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवावे. पडद्यासमोर मोबाइल धरून केलेले शूटिंग चालणार नाही. डीव्हीआरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटे पुढे-मागे आहे, तेही लिहून ठेवावे. हा फरक नोंदला नाही तर वेळ जुळत नाही आणि भलत्याच मुलावर संशय जातो.

मोबाइल किती वाजता जमा केले, किती होते, कोणी मोजले आणि कमी असल्याचे केव्हा लक्षात आले, याचा सही-शिक्क्यानिशी लेखी दाखला द्यावा. पोलीस आणि विमा कंपनी, दोघांनाही तो दाखवता येईल. फोनची ओळख पटवणारे १५ अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावरून उतरवून सोबत जोडले आहेत. दोन सिमच्या फोनचे दोन्ही. आपल्या कार्यालयातून एका पालकांना ‘फोन खात्यातून काढून टाका’ (म्हणजे फोन ज्या गूगल किंवा ॲपल खात्याला जोडलेला आहे त्यातून) असे सांगण्यात आले. कृपया हा सल्ला कोणालाही देऊ नये. फोन खात्यातून काढला की त्याच्यावरचे दुरून लावलेले कुलूप सुटू शकते, आणि चोराला हवे असते तेच.

भरपाई नव्या फोनच्या किमतीची मागत नाही. बिलाच्या रकमेतून वापराच्या काळाची घट वजा करून द्यावी.

यापुढे पेटीला किल्लीचे कुलूप असावे. तीन आकडी नंबरलॉकला एकूण १००० जुळण्या असतात, पण पहिल्या बाकावरच्या मुलाने फिरवताना एकदा पाहिले की एकच पुरते. जमा-परतीची वही ठेवावी आणि पी.टी.च्या तासाला पेटी कार्यालयात न्यावी.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
संबंधित विद्यार्थ्यांचे पालक

सोबत : बिलांच्या प्रती, आयएमईआय क्रमांक, परत आलेला अर्ज