रविवारच्या पुरवणीतला तो मथळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्तनाच्या कर्करोगावर लेख आला, त्याचा मथळा कुणी दिला? जनुकात दोष सापडला की बाई किती जगणार ते आधीच कळतं, असं ठळक अक्षरांत छापलंत. माझ्या धाकट्या बहिणीच्या चार केमो झाल्यात आणि गेल्याच महिन्यात तिच्या रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-१ या जनुकाचा जन्मजात दोष निघालाय. तिने तो मथळा सकाळच्या चहाबरोबर वाचला.

दुपारी मी खोलीत गेले तर रिपोर्टच्या पाकिटावर मागच्या बाजूने काहीतरी लिहीत होती. पाटल्या थोरलीला, मोहनमाळ धाकटीला, समई देवघरातच राहू दे. गणपतीची चवथ तोंडावर आलीय, मूर्तीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीच्या सामानाची यादी करायला म्हणून ती पेन घेऊन बसली होती.

अहो, रोग होण्याचा धोका वेगळा आणि झाल्यावर किती जगणार ते वेगळं. बीआरसीए-१ चा दोष असलेल्या शंभरातल्या सुमारे ७२ बायकांना ८० वर्षांपर्यंत हा रोग होतो, हा तुमचा आकडा बरोबर आहे. पण ब्रिटनमध्ये चाळिशीपर्यंतच्या २,७३३ रुग्ण बायकांचा अभ्यास २०१८ साली आला, त्यात बीआरसीएचा दोष असलेल्या आणि नसलेल्यांच्या जगण्यात फरक दिसला नाही. गाठीच्या पेशींत मागाहून होणारा टीपी५३ या दुसऱ्या जनुकाचा बिघाड ही निराळी गोष्ट, तो बऱ्याचदा आक्रमक रोगात सापडतो. लेखात दोन्हींची खिचडी झालीय. जगणं ज्यावर बरंच अवलंबून असतं, ती गाठ केवढी, काखेत पसरली का, याचा तर उल्लेखच नाही. आणि बीआरसीएचा दोष असणाऱ्यांना ओलापॅरिबच्या गोळ्यांचा उपयोग होतो, रोग उलटण्याचं प्रमाण त्यांनी कमी होतं हे २०२१ च्या चाचणीत दिसलं, तेही गाळलंत.

शिवाय हा दोष ‘आईकडून मुलीकडे’ येतो म्हणे! बापाकडूनही तो तितकाच येतो. आमची आत्या ४२ व्या वर्षी याच रोगाने गेली. तीन वर्षांपूर्वी बहिणीला साधी गाठ आली होती, तेव्हा एका खासगी इस्पितळात फक्त आईकडचं विचारलं. आम्हीही बोललो नाही. तेव्हाच कुणी वडिलांकडचं विचारलं असतं तर तिच्या तपासण्या कधीच सुरू झाल्या असत्या. ते मनातून जात नाही.

दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आणि चवथीआधी छापा. ते पाकीट अजून तिच्या उशीखाली आहे.

आपली,
एक वाचक, डिचोली