आबांच्या वह्या

डब्लिन, रविवार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

त्या दिवशी फोनवर मी गप्प झाले ती रागाने नाही. दादाने आबांच्या वह्या रद्दीत दिल्या हे तुम्ही सांगितलंत आणि लगेच म्हणालात, "जाऊ दे, आता काय करून राहिली त्यांचं. गेलं ते गेलं." त्या "गेलं ते गेलं"पाशी मी चार दिवस अडकले आहे. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

माझं इथलं काम तुम्हाला ठाऊक आहे. डेटा सेंटरमधल्या जुन्या डिस्क निकाली काढणं हा त्यातला एक भाग. आधी डिस्कवरचं सगळं पुसायचं, मग ती यंत्रात घालून भरडायची. म्हणजे पुसणं हे माझं रोजचं काम, आणि तरी पुसलेलं जातं कुठे हा विचार माझ्या मनात उशिराच आला. १९६१ साली रोल्फ लँडावर या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं, की माहितीचा एक बिट, म्हणजे तिचा सगळ्यांत लहान तुकडा, पुसायचा तर ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. ती इतकी थोडी की जूल या ऊर्जेच्या मापाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग घेतला तरी तिच्यापेक्षा मोठा भरेल. पण ती शून्य नाही. २०१२ साली प्रयोगात ती मोजलीही गेली. डिस्कवर जे होतं ते खोलीतल्या हवेच्या हालचालीत विखुरलं, एवढंच झालं.

भौतिकशास्त्राचं म्हणणं तर याहून ठाम आहे. सूक्ष्म पातळीवरचे नियम असे आहेत, की आजची स्थिती पूर्ण माहीत असेल तर कालची काढता येते. वही जाळली, तर तिचा धूर, राख, उजेड आणि ऊब, यातलं काहीही न सांडता गोळा केलं, तर तत्त्वतः त्यातून पान न् पान परत वाचता यावं.

यावर एक मोठा वाद झाला आणि त्याचा एक अंक याच शहरात घडला. कृष्णविवर हळूहळू विरून जातं आणि त्यात पडलेल्या वस्तूची माहिती कायमची नष्ट होते, असं स्टीफन हॉकिंग यांनी १९७६ साली मांडलं होतं. १९९७ मध्ये त्यांनी आणि किप थॉर्न यांनी, माहिती नष्ट होत नाही म्हणणाऱ्या जॉन प्रेस्किल या भौतिकशास्त्रज्ञाशी पैज लावली. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला त्याच्या आवडीचा ज्ञानकोश द्यायचा. २००४ च्या जुलैमध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंग यांनी हार मानली आणि प्रेस्किल यांना बेसबॉलचा ज्ञानकोश दिला. थॉर्न यांनी मात्र तेव्हा हार मानली नाही. माहिती बाहेर येते तरी कशी, यावर अजून काम चालू आहे. हॉकिंग नंतर म्हणाले, की मी त्या ज्ञानकोशाची नुसती राखच द्यायला हवी होती. लोक हसले असतील. माझ्या डोळ्यांसमोर इतवारीतली रद्दीची गाडी आली.

बाबा, हे सगळं वाचून मला दिलासा मिळायला हवा होता. मिळाला नाही.

मे महिन्यात आपण गच्चीवर झोपायचो तेव्हाचं आठवा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री अकरापर्यंत पाठीला चटके द्यायची. तुम्ही दोन बादल्या पाणी मारायचे, आणि पहाटे पांघरूण लागायचं. ती ऊब जायची कुठे? बरीचशी आसपासच्या हवेत, आणि काही न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात थेट आकाशात. त्यातले जे किरण ढगाहवेतून निसटले ते आजही प्रकाशाच्या वेगाने दूर चालले आहेत. त्यांना गाठायचं तर त्यांच्याहून वेगाने जावं लागेल, आणि तसं काहीच जात नाही. कागद जळतो, कुजतो, त्याचा लगदा होतो तेव्हाही हेच. माहिती विश्वात असेलही, पण ज्याला कुणीही कधीही गाठू शकणार नाही त्याला "आहे" म्हणायला माझं मन तयार होत नाही. विश्वाकडे जमा असणं आणि आपल्याजवळ असणं यांत फार फरक आहे.

मग मला दुसरंच काही सुचलं आणि त्याने झोप उडाली. आबांच्या वह्या मोडी लिपीत होत्या. कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत त्या तीस वर्षं होत्या, आणि आपल्यापैकी कुणालाही त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. तुम्ही शाळेत गेलात तोवर मोडी शाळांतून गेली होती. इतवारी ते नागभीड छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेज रेल्वेवर, गार्ड म्हणून केलेली प्रत्येक फेरी आबा त्यात टिपायचे, एवढं तुमच्याकडून ऐकलेलं. कुहीला म्हैस आडवी आली, भिवापूरला मिरचीची पोती चढवायला वेळ लागला, असलं काहीबाही. मग त्या वह्या आपल्यासाठी केव्हा गेल्या? दादाने दिल्या त्या दिवशी, की आबा गेले त्या दिवशी? मला वाटतं, बऱ्याचशा आबांबरोबरच गेल्या होत्या. म्हणून दादाला बोलू नका. त्याने कागद दिले. वाचता येण्याची वाट आपण सगळ्यांनीच आधी बुजू दिली होती.

पण "बऱ्याचशा" म्हटलं तेही मुद्दाम. आपल्या रामटेकजवळच्या नगरधनहून, म्हणजे तेव्हाच्या नंदिवर्धनहून, वाकाटकांच्या प्रभावतीगुप्ता राणीने दिलेला दीड हजार वर्षांपूर्वीचा ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरात वंशपरंपरेने जपलेला निघाला. ज्याचा धंदाच तांबं वितळवायचा, त्याच्या घरात! त्यावरची लिपी मधली कित्येक शतकं कुणाला येत नव्हती. तरी तांबं टिकलं, पुढे लिपी पुन्हा लागली आणि राणी बोलली. आपल्या नागपूरच्याच वा. वि. मिराशींनी असे सगळे वाकाटक लेख १९६३ मध्ये एका ग्रंथात आणले. वस्तू राहिली तर वाचणारा उद्याही भेटू शकतो. आपल्याकडे उलट झालं. मोडी वाचणारे आजही आहेत, पण वह्या गेल्या. छोटी लाइनही २०१९ साली बंद झाली.

एक पान मात्र आहे. २०१६ च्या दिवाळीत मी पेटी उघडून सहज एका पानाचा फोटो काढला होता. तो जुन्या फोनमध्ये सापडला, आणि पुण्यातल्या एका मोडी जाणणाऱ्या बाईंना मी तो पाठवला. काल त्यांचं उत्तर आलं. तारीख १२ जानेवारी १९६४. मजकूर असा: "धुके दाट. उमरेडास ४० मिनिटे उशीर. —बू सोबत. ब्रेकव्हॅनमध्ये हातबत्तीपाशी निजणे."

नावाचं पहिलं अक्षर फोटोच्या कडेला कापलं गेलं आहे. बाई म्हणतात, ते "बा" असेल किंवा "अं". म्हणजे बाबू, नाहीतर अंबू. अंबूआत्या असती तर तिलाही विचारलं असतं. तुम्ही तेव्हा सात-आठ वर्षांचे असाल. त्या अक्षराचा उरलेला भाग आता फक्त तुमच्याकडे आहे, बाबा.

थंडी, धुकं, बत्तीचा उजेड, घोंगडीचा वास, काहीही आठवलं तर कळवा. फोनवर सांगू नका, वहीत लिहा. मोडी नको, तुमच्या रोजच्या अक्षरात लिहा. दादाला सांगा, पानांचे फोटो काढून पाठव, आणि कडा कापू नको. आईला म्हणावं गुडघ्याला तेल लावत जा. वहिनीला आणि पिंटूला आशीर्वाद.

तुमची,
सुमी