पायाला हात लागला तर

ती. आईस,
सा. न.

परवा फोनवर तू सांगत होतीस, पोहायच्या टँकमध्ये कुठल्याशा पोरानं मागून येऊन तुझ्या पायाला हात लावला, तू दोऱ्यांनी आखलेल्या लेनच्या मधोमध उभी राहिलीस आणि त्याला असं काही झापलंस की तो पलीकडच्या लेनमध्येच निघून गेला. बाबा मागे हसत होते, मीही हसले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, तो बिचारा बहुधा रीतीनंच वागत होता. पोहणाऱ्यांमध्ये पायाला हात लावणं म्हणजे ‘मला पुढे जायचंय, भिंतीपाशी वाट द्या’. डोकं पाण्यात असताना हाक ऐकू येत नाही, मग दुसरं काय करणार? एकदाच, हलकेच, तळव्याला. घोटा धरून ओढला असेल तर मात्र तू झापलंस ते बरंच केलंस. शिवाय तू ब्रेस्टस्ट्रोक करतेस, बेडकासारखे पाय झाडत. त्या लाथेच्या टप्प्यात हात घालायचा म्हणजे पोरात धीर आहे.

फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं, तू मधेच ‘बरं, जेवलीस का?’ म्हणाली असतीस. म्हणून लिहायला बसले.

मला तरी हे कुठं माहीत होतं? इथं ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पूलवर गेले तेव्हा एका लेनमध्ये दोघंच होते. एक डाव्या दोरीलगत, एक उजव्या. दोघंही आपापल्या अर्ध्या भागात सरळ जात होते, सरळ येत होते. मधे भरपूर जागा दिसली, मी उतरले आणि निघाले. दहा-बारा हात मारले असतील, समोरून येणाऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर आदळलं. चूक सर्वस्वी माझी. दोघं असतील तर लेन अर्धी-अर्धी वाटून घेता येते. तिसरा माणूस आला की ती वाटणी मोडते आणि सगळ्यांनी गोल फिरायचं असतं, एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं. पण हे त्या दोघांना कळायला तर हवं ना! तिसऱ्यानं काठावर बसून पाय पाण्यात सोडायचे, दोघंही एकेकदा भिंतीशी येईपर्यंत थांबायचं, आपण येतोय हे त्यांना दिसू द्यायचं, आणि मगच अलगद उतरायचं. सूर मारून तर नाहीच. त्या माणसानं गॉगल कपाळावर चढवून मला हे चार वाक्यांत सांगितलं, आवाज न चढवता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोल कुठून फिरायचं ही आणखी एक गंमत. ऑस्ट्रेलियात साधारणपणे डावीकडून पोहतात, अमेरिकेत उजवीकडून, गाड्या चालवतात तसंच. इथं बहुतेक ठिकाणी लेनच्या तोंडाशी पाटी असते, तिच्यावर हळू, मध्यम, जलद यांपैकी एक शब्द आणि खाली बाण. एका लेनचा बाण घड्याळाच्या दिशेनं, शेजारच्या लेनचा उलट. मला आधी हा निव्वळ खोडसाळपणा वाटला. मग एकदा कागदावर काढून बघितलं. असं केलं की दोरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघंही एकाच दिशेनं जातात. चुकून हात दोरीवरून पलीकडे गेला तरी समोरून येणाऱ्या हातावर जोरात आपटत नाही. हे ज्याला सुचलं त्याची बोटं आधी सुजली असणार. फक्त लेन बदलली की बाणाकडे पुन्हा बघायचं, नाहीतर सवयीनं उलटं जायला होतं. तेही मी केलंय.

आणि जागा असते तरी किती? मोठ्या स्पर्धांच्या तलावातसुद्धा एक लेन अडीच मीटर रुंद. साधारण उंचीच्या माणसानं दोन्ही हात पसरले तर त्यातला दीड मीटरहून जास्त भाग तोच खातो. म्हणून गर्दीच्या लेनमध्ये बटरफ्लाय करणाऱ्यांवर, म्हणजे दोन्ही हात एकदम पसरून फेकत पोहणाऱ्यांवर, माझा फार राग आहे. समोरून कुणी आलं की त्यांनी तेवढ्यापुरतं एका हातानं पोहावं, चांगले पोहणारे तसं करतातही. बॅकस्ट्रोकवाल्यांना मी माफ करते, त्यांना पुढचं दिसतच नाही. तुमच्या टँकवर आडव्या दोरीला पताका बांधल्या असतील ना, त्या शोभेच्या नाहीत. त्या भिंतीपासून पाच मीटरवर असतात. पाठीवर पोहणारा त्या दिसल्या की हात मोजायला लागतो, म्हणजे डोकं भिंतीवर आपटत नाही. तळाची काळी रेघ तुला दिसतच असेल. गोल फिरताना तिच्यावरून पोहायचं नाही, ती रस्त्यातला दुभाजक समज.

आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे येते. ‘मी हळू जाते, लोकांना माझी अडचण होते.’ आई, हळू जाण्यानं अडचण होत नाही. अडचण होते ती तू लेनच्या मध्यावर अचानक उभी राहतेस तेव्हा. मागचा खाली मान घालून येत असतो, त्याला तुझा वेग कळलेला असतो, त्या हिशेबानं तो अंतर ठेवतो. तू थांबलीस की त्याचा हिशेब फसतो. म्हणून पायाला हात लागला तर थांबू नकोस, वळून बघू नकोस, घाईही करू नकोस. आहे त्याच चालीनं भिंतीपर्यंत जा, कोपऱ्यात दोरीला चिकटून उभी राहा, त्याला जाऊ दे आणि मग निघ. मात्र लगेच नाही, पाचेक सेकंद जाऊ देत. भिंतीवर मोठ्या काट्याचं घड्याळ असतं ते याच कामाचं.

आणि दम खायला भिंतीच्या मधोमध उभं राहायचं नाही, बरं का. तिथं मागून येणारे वळतात, पाय लावून जोर घेतात. आमच्याकडे रोज सकाळी तीन मैत्रिणी येतात आणि नेमक्या तिथंच रांगेनं उभ्या राहून गप्पा मारतात. कुणी काही बोलत नाही, सगळे भिंतीच्या हातभर अलीकडूनच वळतात. गप्पा काठावर बसून माराव्यात, असं मला रोज वाटतं आणि रोज मी गप्प बसते.

मागून पुढे जाऊ पाहणाऱ्यांचंही सगळंच खरं नसतं. दुसऱ्याच्या मागोमाग पोहलं की पाणी आयतं फाटलेलं मिळतं, कमी दमायला होतं. मग मागच्याला वाटतं, आपण पुढच्यापेक्षा कितीतरी जलद. पुढे गेल्यावर दोन फेऱ्यांत तो हाशहुश करायला लागतो आणि मग तूच त्याच्या पायाशी. याच लोकांतले काही जण बाई पुढे जाऊ पाहतेय म्हटलं की एकाएकी जोर लावतात, भिंत आली तरी थांबत नाहीत. माझ्या लेनमध्ये असा एक आहे. मी त्याच्याशी भांडत नाही, भिंतीशी थांबते, तो अर्धी लेन पुढे गेला की निघते. माझं पोहणं होतं, त्याचं काय होतं देव जाणे.

पाटीवरच्या ‘हळू’ला भिऊ नकोस. ती पाटी इतरांच्या तुलनेत असते. चार मिनिटं काठावर उभं राहून बघायचं आणि आपल्या वेगाचे लोक दिसतील त्या लेनमध्ये जायचं. एखाद्या दिवशी मध्यम लेनमधले सगळे तुझ्याहून हळू असतील, तर तिथं जा. फळी धरून पाय मारत असशील तर मात्र हळूचीच लेन. आणि तो पोरगा पुन्हा दिसला तर त्याच्याशी नीट बोल. ‘तुला पुढे जायचं असेल तर भिंतीशी सांग, मी थांबते,’ एवढं म्हटलंस तरी पुरे.

तुमच्या टँकवर बाण आहेत का, ते बघून कळव. नसले तर लोक कुठल्या बाजूनं जातात ते बघ. बाबांनाही एकदा घेऊन जा, नुसतं घरी बसून हसायला काय जातं! डिसेंबरात मी आले की आपण दोघी एकाच लेनमध्ये उतरू. तू पुढे, मी मागे. मी पायाला हात लावला तर झापायचं नाही, भिंतीपर्यंत जायचं.

तुझी,
मनू